कच

भांडुपला, गॅरेज आणि वजनकाट्याच्या मधोमध
आमची लॅब.
सात चाळण्या एकीवर एक.
वरचीत अडते चिंचोक्याएवढी खडी,
तळच्या ताटलीत उतरते नुसती धूळ,
आणि मधल्या पाचजणींत जे मागे राहतं
त्यावर शहर उभं असतं
असं शेणॉय साहेब म्हणतात
आणि माझी सही मागतात.

डंपर येतो रात्री तीनला, मागून ठिबकत.
ओली रेती फुगते.
कणाकणाभोवती पाण्याची साय धरते,
कण एकमेकांना खेटत नाहीत,
ब्रास भरतो,
आपण पाण्याचे पैसे मोजतो.
मी तिला काचेच्या नळीत पुरती बुडवते.
तेव्हा बसते खाली, निमूट,
कोरडी होती तेवढीच.
सप्लायर म्हणतो, मॅडम, एवढं बारीक कोण बघतं.

खडीचं तसं नाही, तिला मारावं लागतं.
पंधरा घाव, एकाच उंचीवरून,
मग भुगा तोलायचा.
चपट्या कपच्या वेगळ्या काढायच्या,
देखण्या असतात, आडव्या मोडतात.
काळ्या दगडाची टोकेरी, ओबडधोबड खडी
सिमेंटला घट्ट चावून धरते.
घमेलं शिगोशीग भरलं तरी
तिच्या फटींत चार तांबे पाणी मावतं.
त्या फटींत रेती,
रेतीच्या फटींत सिमेंट.
हे मला कॉलेजात शिकवलं,
खाली स्लॅब ओतणाऱ्या बाईला कुणी शिकवलं माहीत नाही,
ती फावड्याच्या आवाजावरून सांगते, पाणी जास्त झालंय.

माझे बाबा, पोशा,
सव्वीस वर्षं खाडीत डुबी मारायचे.
बांबू धरून खाली जायचं,
पायाने बादली रुतवायची,
भरली की दोराला हिसका.
दिवसाला दीडशे बादल्या.
आधी उजवा कान गेला,
मग भरतीच्या एका सकाळी डावा.
आता टीव्ही नुसता बघतात,
बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ वाचतात
आणि तिच्याशी वाद घालतात.

एकदा डबा द्यायला लॅबवर आले.
मी मिठाची टेस्ट लावलेली,
थेंब पडून पांढरं होतं का
ते वाकून बघत होते.
त्यांनी ट्रेमधली चिमूट उचलली,
दाढेखाली धरली, डोळे मिटले.
म्हणाले, ही ऐकू येते.
हाडातून येते.
मग बेसिनमध्ये थुंकून:
गोडी आहे. पण नदीची नाही,
मशीनने भरडलेली. धार मेली नाही तिची अजून.

रिपोर्टला दोन दिवस लागले.
तेच आलं.
साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला,
मोठ्याने बोलत राहिले उगाच.

आमची बिल्डिंग एकोणनव्वदची.
पॅसेजमध्ये प्लास्टरला फोड आलेत,
फोडांवर पांढरं पीठ,
पिठाआड गंजलेली सळई, बरगडीसारखी.
सोसायटीने ऑडिटची नोटीस लावली
त्या रात्री पाण्याला उठले
तर बाबा भिंतीशी उभे,
नखाने खरवडलेलं
तोंडात धरून.

मी हाताने विचारलं, काय?
पुष्कळ वेळ चावत राहिले.
दिवा लावू दिला नाही.

खारी, म्हणाले.
शिंपल्याचा चुरा लागतो दाताला.
तो रेल्वेच्या पुलाखालच्या पट्ट्यातच यायचा.
धुऊन घ्या म्हणायचो आम्ही,
घाई असायची त्यांना.
आम्हालाही.

आणि बोटं मोजायला लागले,
त्या साली होडीवर कोण कोण होतं,
धावजी, कान्हा, लंगडा हरी,
अंगठ्यापाशी थांबले.
तोंड धुतलं नाही.

सकाळी डब्याशेजारी
एक बशी, वर दुसरी बशी पालथी.
आत मूठभर भिंत,
नीट चाळलेली,
आणि वर माझ्याच पेनाने
कागदावर तारीख.